बारामती ते केगाव : ढग मोजणाऱ्या संस्थेची वाटचाल

महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला, सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटरवर सोलापूर. इथे वर्षभरात पाचशे ते सातशे मिलिमीटर, तोही तालुक्यागणिक वेगळा. सह्याद्रीने पश्चिमेचा ओलावा अडवल्यावर जो उरतो तो वाटा आपला, हे या जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण पर्जन्यछाया म्हणजे ढगच नाहीत असे नव्हे. आषाढ-श्रावणात आभाळ दिवसदिवस भरलेले असते. ढग पश्चिमेकडून येतात, डोक्यावरून कर्नाटकाकडे निघून जातात आणि खाली खरिपाची उगवण माना टाकते. हे ढग पडत का नाहीत, हा प्रश्न सांगोल्याच्या माळावर उभ्या असलेल्या माणसाच्या जितका जिव्हाळ्याचा, तितकाच तो विज्ञानाचाही आहे. तोच प्रश्न घेऊन पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, म्हणजे आयआयटीएम, २०१८ च्या पावसाळ्यात विमाने आणि रडार घेऊन सोलापुरात आली.

आज पृथ्वीविज्ञानाच्या क्षेत्रात पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या तंत्रज्ञानाचे आराखडे आखले जात आहेत. हजारो कोटींच्या योजना जाहीर होत आहेत. अशा वेळी या संस्थेचा ढगांच्या मागावरचा प्रवास सोलापूरकराने नीट समजून घ्यायला हवा, कारण त्यातला एक महत्त्वाचा टप्पा आपल्या डोक्यावर घडला आहे.

संस्थेचा जन्म १७ नोव्हेंबर १९६२ चा. तेव्हा ती हवामान खात्याचाच एक विभाग होती. उष्ण कटिबंधातले हवामान युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांवरून समजणार नाही, त्यासाठी इथेच संशोधन व्हायला हवे, ही त्यामागची भूमिका. डॉ. पी. आर. पिशारोटी पहिले संचालक. सी. व्ही. रामन यांच्याकडे संशोधनाचे धडे घेतलेला हा माणूस पुढे देशातल्या दूरसंवेदनाचा आद्य प्रवर्तक ठरला. १९७० साली केरळातल्या नारळाच्या बागांवरून हेलिकॉप्टरने उडत अवरक्त छायाचित्रे घेऊन रोगट झाडे ओळखण्याचा जो प्रयोग झाला, तो त्यांच्याच पुढाकाराने. उपग्रहाची वाट न बघता हाताशी असलेल्या साधनाने मोजायला सुरुवात करायची, ही वृत्ती संस्थेच्या मुळाशी होती असे मला वाटते. १ एप्रिल १९७१ रोजी संस्था स्वायत्त झाली आणि दोनच वर्षांनी तिचे विमान बारामतीच्या आभाळात होते.

बारामतीचा प्रयोग महाराष्ट्र जवळजवळ विसरला आहे, म्हणून त्याच्यावर थोडे थांबतो.

ढगातला पाण्याचा कण सूक्ष्म असतो. त्याची त्रिज्या मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. जमिनीवर पोचू शकेल असा एक मिलिमीटर त्रिज्येचा थेंब व्हायला असे दहा लाख कण एकत्र यावे लागतात. नुसते वाफेचे पाणी होत राहून इतका मोठा थेंब ढगाच्या तास-अर्ध्या तासाच्या आयुष्यात होत नाही. काही कण इतरांपेक्षा मोठे असावे लागतात. ते वेगाने खाली येतात, वाटेतल्या बारक्या कणांना गिळतात आणि वाढतात. समुद्रावरून आलेल्या हवेत मिठाचे मोठे कण असतात, ते हे काम करतात. पण घाट चढून, धूळ आणि धूर अंगावर घेत हवा पठारावर येते तेव्हा वाफेचे वाटेकरी फार झालेले असतात. असंख्य बारीक कण तयार होतात, एकही मोठा होत नाही, आणि ढग तसाच विरून जातो. आपल्याकडच्या न पडणाऱ्या आभाळाचे एक मोठे कारण हे. मग मीठ आपणच दिले तर?

संस्थेच्या ढगभौतिकीच्या संशोधकांनी, त्यात रमणमूर्ती आणि रामचंद्र मूर्ती ही ठळक नावे, बारामतीच्या परिसरात नेमके हेच केले. जुन्या डाकोटा विमानात बारीक दळलेले मीठ, त्याचे गोळे होऊ नयेत म्हणून त्यात शंखजिऱ्याची पूड, आणि ढगाच्या पोटातून जाताना त्याची फवारणी. परिसराचे भाग पाडलेले, मधे एक पट्टा मोकळा सोडलेला. कोणत्या दिवशी कोणत्या भागावर फवारायचे हे सोडतीने ठरे. दुसरा भाग त्या दिवशी तसाच ठेवायचा आणि दोन्हीकडचा पाऊस मोजायचा. १९७३, १९७४, १९७६ आणि मग १९७९ ते १९८६ असे अकरा पावसाळे हे चालले. निष्कर्ष असा निघाला की, फवारलेल्या भागात पाऊस सरासरी २४ टक्के अधिक. मिठाचा काहीच परिणाम नसता तर एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता शंभरात चार.

मला त्या २४ टक्क्यांपेक्षा अकरा पावसाळ्यांचे मोल जास्त वाटते. या काळात पश्चिम महाराष्ट्राचा पूर्व भाग एकाहून अधिक वेळा होरपळला. खाली माणसे आभाळाकडे डोळे लावून बसलेली आणि वर विमानातला शास्त्रज्ञ सोडतीत नाव न आलेला ढग सोडून देतो, हे सोपे नाही. पण तो सोडल्याशिवाय फवारलेल्या ढगाने जास्त काय दिले हे कधीच कळत नाही. उणीव होती ती साधनांची. जमिनीवर पाऊस किती पडला हे कळत होते. ढगाच्या आत क्षणाक्षणाला काय घडत गेले, याचा पुरावा त्या काळच्या उपकरणांना झेपला तेवढाच मिळाला.

त्यानंतर मात्र आपण राज्य म्हणून ही शिस्त सोडली. २००३ च्या आणि २०१५ च्या दुष्काळात सरकारने कृत्रिम पावसासाठी विमाने उडवली. हेतू चांगलाच होता. दुष्काळात काहीतरी करताना दिसणे सरकारला भाग असते, आणि लोकांनाही त्या विमानाचा आवाज धीर देतो. पण न फवारलेल्या ढगांशी तुलना करण्याची कडक रचना त्यांत नव्हती, त्यामुळे पाऊस पडला तर तो कोणाचा, हे शेवटपर्यंत वादात राहिले. शिवाय दुष्काळाच्या वर्षी मुळात फवारण्याजोगे ढगच कमी असतात. ढग नसताना ढगांचे तंत्रज्ञान आठवायचे आणि ढग असताना विसरायचे, हा आपला क्रम उलटा आहे.

संस्थेने २००९ पासून हा विषय पुन्हा मुळापासून हाती घेतला. त्या मोहिमेचे नाव कायपीक्स. ढग आणि हवेतले कण यांचा परस्परसंबंध मोजायचा, आणि मग पाऊस वाढवता येतो का ते तपासायचे, असा तिचा क्रम. पहिल्या टप्प्यात पठाणकोटपासून बंगळुरूपर्यंत आणि गुवाहाटीपर्यंत देशभरचे ढग विमानाने तपासले गेले. पुढे हैदराबादला मुक्काम झाला. दरम्यान २०१२ मध्ये महाबळेश्वरला उंचावरची ढगभौतिकी प्रयोगशाळा सुरू झाली, जिथे ढग स्वतःच खिडकीतून आत येतात. घाटमाथ्याचे ढग तिथे बसून मोजता येऊ लागले. उरला तो घाटापलीकडचा प्रदेश, जिथे तोच ओलावा कोरडा होऊन पोचतो.

सोलापूरची निवड अशी झाली. चौथ्या टप्प्यासाठी २०१८ आणि २०१९ असे दोन पावसाळे. केगावला सिंहगड संस्थेच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात निरीक्षणाचा तळ, सी-बँड रडार, जिल्ह्यात पसरलेले स्वयंचलित पर्जन्यमापक आणि हवेचे थर मोजायला वर सोडले जाणारे फुगे. विमाने दोन. एक ढगात शिरून थेंबांचे आकार, पाण्याचे प्रमाण आणि हवेतले कण मोजणारे. दुसरे ढगाच्या तळाशी, जिथे हवा वर खेचली जाते तिथे, कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या पेटवणारे. बारामतीच्या मिठाची जागा इथे या क्षाराच्या धुराने घेतली. मोहिमेच्या शास्त्रीय बाजूची धुरा डॉ. तारा प्रभाकरन यांच्याकडे होती. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आणि सोलापूर विद्यापीठही आहे. शहराच्या या एका कडेला शेती, विद्यापीठ आणि आभाळाचे संशोधन शेजारी-शेजारी आले, याचा आपल्या गावात जितका गाजावाजा व्हायला हवा होता तितका झाला नाही.

दोन वर्षांत २७६ ढगांचा अभ्यास झाला. कोणत्या ढगावर फवारायचे आणि कोणता तसाच सोडायचा, हे इथेही सोडतीनेच ठरले. बारामतीची शिस्त परत आली. २०२३ मध्ये अमेरिकन मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. फवारणीच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सरासरी १८ टक्के वाढला. काही ठिकाणी वाढ ४६ टक्क्यांपर्यंत गेली. मुख्य म्हणजे, फवारणीनंतर थेंब मोठे होत जाण्याची साखळी ढगाच्या आतून मोजली गेली. बारामतीला जे अपुरे राहिले होते ते सोलापूरच्या आभाळात पुरे झाले. त्याच वेळी संस्थेने हेही स्पष्ट सांगितले की, एवढ्याने दुष्काळ निवारण होणार नाही, गरजेचा काही भाग तेवढा भागेल. या स्पष्टपणाबद्दल मला संस्थेविषयी आदर वाटतो.

आता हिशेबाकडे येऊ, कारण तो मांडल्याशिवाय पुढचे नियोजन नुसते बोलणे ठरेल. या प्रयोगातून ८६ कोटी ७० लाख लिटर पाणी जादा मिळाले आणि त्याचा खर्च लिटरमागे १८ पैसे आला, असे संस्थेने मांडले. आकडा मोठा वाटतो. पण एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर, आणि उजनी धरण भरले की त्यात ११७ टीएमसी पाणी असते. म्हणजे दोन पावसाळ्यांतले हे पाणी एका टीएमसीच्या सुमारे तीन टक्के. दराचे म्हणाल तर १८ पैसे लिटर म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरला १,८०० रुपये. पिण्याच्या पाण्यासाठी हा दर समजण्यासारखा आहे. शेतासाठी? एका हेक्टरवर दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर पाणी. त्याचे १८,००० रुपये झाले. कोरडवाहू ज्वारीचे कुठलेही गणित एका सरीला हा खर्च पेलत नाही. देशी बनावटीचे विमान वापरले तर खर्च निम्म्याहून खाली येईल, असे संस्था म्हणते. तसे झाले तरी तो ज्वारीच्या आवाक्याबाहेरच राहील. हे मी प्रयोगाला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. या प्रयोगाची खरी कमाई लिटरमध्ये मोजू नये, असे मला मनापासून वाटते. पर्जन्यछायेतल्या ढगाचे आतून केलेले इतके बारीक मोजमाप आपल्या हाती आले, ही ती कमाई.

कारण त्या मोजमापावरच पुढचे अंदाज उभे राहणार आहेत. संगणकाच्या प्रतिमानात ढग कसा वागतो हे आपणच लिहून द्यावे लागते. ते समुद्रावरच्या किंवा अमेरिकेतल्या ढगांवरून लिहिले, तर बार्शी आणि मोहोळचा पाऊस चुकणारच. संस्थेचा संगणकी प्रवासही याच काळात वेगाने झाला. २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ हा महासंगणक आला, सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या जवळपास तिप्पट क्षमतेचा ‘अर्क’ आला. २६ मे २०२५ रोजी संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ देशाच्या सेवेत रुजू झाली. पूर्वीचा अंदाज बारा किलोमीटरच्या चौकटींत असे, हा सहा किलोमीटरच्या चौकटींत मिळतो. आपल्या एका महसूल मंडळात अशा काही चौकटी बसतात. अंदाज गावापर्यंत आला म्हणतात तो असा.

आणि इथेच नियोजनातली माझी मुख्य तक्रार आहे, किंवा आग्रह म्हणा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘मिशन मौसम’ला मंजुरी दिली. दोन वर्षांसाठी २,००० कोटी रुपये. हवामान खात्याच्या दीडशे वर्षांच्या सोहळ्यात, १४ जानेवारी २०२५ ला, त्याचा आरंभ झाला आणि २०४७ पर्यंतचा दृष्टिलेखही मांडला गेला. नवी डॉप्लर रडारे, वाऱ्याचे छेद घेणारी यंत्रे, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे अंदाज, आणि हवाहवासा पाऊस वाढवण्याबरोबर नकोसा पाऊस, गारा, धुके आवरण्याची विद्या. त्यासाठी पुण्याच्या संस्थेत ढगकक्ष उभारण्याची योजना आहे, जिथे ढग बंद दालनात तयार करून त्यावर प्रयोग करता येतील. हे सगळे हवेच आहे. बारामतीला एका प्रश्नाच्या उत्तरासाठी अकरा पावसाळे लागले, ते ढगकक्षात काही अंशी वाचतील. पण मोहिमा येतात आणि जातात. दोन पावसाळे रडार फिरते, विमाने उडतात, मग मुक्काम हलतो. दर वर्षी, पाऊस चांगला असो की वाईट, एकाच जागेवरून सलग मोजत राहणे हे कंटाळवाणे काम आहे. त्याची उद्‌घाटने होत नाहीत आणि त्याला निधी टिकत नाही. मध्य प्रदेशात सिहोरजवळ संस्थेने असा कायमचा निरीक्षणतळ उभारला आहे. पर्जन्यछायेसाठी तसा तळ असायचा असेल तर त्याची जागा सोलापूर, दुसरी नव्हे. माणसे, महाविद्यालये आणि दोन वर्षांची बारीक नोंद इथे आधीच आहे.

शेतकऱ्याला त्यातून काय मिळेल, हे विचारणे रास्त आहे. आपली मुख्य पेरणी रब्बीची. उत्तरा आणि हस्ताच्या पावसाने जमीन भिजते, वाफसा आला की ज्वारी पेरायची आणि मग थंडीच्या दवावर आणि जमिनीतल्या ओलीवर ती पोसायची. याच हिशेबावर १९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात मालदांडी ३५-१ ही जात निवडली गेली आणि आजही मंगळवेढ्याच्या रानात तिचा दबदबा आहे. त्या पिढीने आभाळ बदलायचा प्रयत्न केला नाही, आभाळाला पुरेल असे बियाणे शोधले. आता गरज आहे ती पेरणीच्या त्या दहा-बारा दिवसांच्या खिडकीची. पाऊस चार दिवस उघडीप देणार की नाही, एवढे मंडळागणिक भरवशाने सांगता आले, तर दुबार पेरणीचे बियाणे, खत आणि मजुरी वाचते. हा वाचलेला खर्च कुठल्याही फवारणीच्या पाण्यापेक्षा मोठा आहे. राज्याच्या ‘महावेध’ योजनेची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे मंडळामंडळात उभी आहेत. त्यांची नोंद पीकविम्याच्या दाव्यांपुरती न ठेवता संस्थेच्या अंदाजाची रोजची परीक्षा घ्यायला वापरली पाहिजे. अंदाज कुठे चुकला हे जाहीरपणे मांडणारी संस्था लोकांचा विश्वास लवकर मिळवते.

सप्टेंबर २०२५ ने तर आराखड्याचा पायाच हलवला. जन्मभर पाण्याची वाट बघणाऱ्या या जिल्ह्यात सीना नदी पात्र सोडून फुटली. करमाळा, माढा, मोहोळ या तालुक्यांतली गावे पाण्याखाली गेली, लांबोटीजवळ पाणी आल्याने सोलापूर-पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला, माणसांना वाचवायला लष्कर आणि आपत्ती दलाच्या तुकड्या आल्या. उभी पिके गेलीच, कित्येकांच्या रानातली मातीही गेली. सीनेचा उगम अहिल्यानगर जिल्ह्यात आणि तिला मिळणारा पाऊस धाराशिव, बीडच्या बालाघाट डोंगरांतूनही येतो. म्हणजे माढ्यात पूर येणार की नाही हे ठरते ते माढ्याच्या बाहेर, काही तास आधी. २०१८ मध्ये केगावच्या रडारसमोर प्रश्न होता, हे ढग पडतील का. सात वर्षांनी त्याच आभाळाने विचारले, किती पडतील आणि किती वेळात.

दोन्ही प्रश्नांना लागणारी साधने एकच आहेत. पर्जन्यछायेत कायम फिरणारे रडार, नदीखोऱ्यात दाट पेरलेले पर्जन्यमापक, वरच्या तीन जिल्ह्यांच्या नोंदी एका पडद्यावर आणणारी व्यवस्था, आणि त्या नोंदीवरून पंढरपूर-मोहोळच्या तहसीलदाराला तासाभरात फोन करू शकणारा माणूस. दुष्काळाच्या वर्षी यातून पेरणीचा सल्ला निघेल, पुराच्या वर्षी गाव हलवण्याचा. मिशन मौसमच्या पुढच्या टप्प्याची आखणी होईल तेव्हा सीना आणि भीमेच्या खोऱ्यासाठी ही मागणी जिल्ह्याच्या खासदार-आमदारांनी, विद्यापीठाने आणि शेतकरी संघटनांनी लेखी मांडायला हवी. ती मांडायची वेळ पुढचा खंड पडण्याची किंवा पुढचा पूर येण्याची नव्हे. ती हिवाळ्यातच मांडली, तर जूनच्या आधी यंत्रे जागेवर बसू शकतात.